राजवटी बदलल्या, पण बेड्या कोणी तोडल्या?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. त्यामुळे अमेरिकेतील गुलामगिरी, तिथले यादवी युद्ध आणि अब्राहम लिंकन ही नावे आपल्या चळवळीतल्या माणसाला परकी वाटत नाहीत. फ्रान्सचे मात्र तसे नाही. फ्रान्स म्हटले की आपल्याला १७८९ ची राज्यक्रांती आठवते, स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आठवते आणि आपण तिथेच थांबतो. ज्या देशाने जगाला मानवी हक्कांचा जाहीरनामा दिला, त्याच देशाने एकदा रद्द केलेली गुलामगिरी आठ वर्षांनी कायदा करून पुन्हा आणली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती गुलामगिरी दुसऱ्यांदा आणि कायमची रद्द करणारा हुकूम ज्याने तयार केला, त्या व्हिक्टर शेल्शेर याचे नाव तर त्याहूनही थोड्यांना माहीत आहे.

शेल्शेरचे चरित्र आपण वाचायला हवे, याला एक खास कारण आहे. हा माणूस एकोणनव्वद वर्षे जगला. सम्राट नेपोलियनच्या काळात जन्मला, बुर्बाँ राजांच्या काळात वाढला, लुई फिलिपच्या राज्यात लेखक झाला, दुसऱ्या प्रजासत्ताकात सत्तेच्या जवळ गेला, दुसऱ्या साम्राज्यात देशाबाहेर फेकला गेला आणि तिसऱ्या प्रजासत्ताकात सिनेटर म्हणून वारला. सरकार बदलले की आपले प्रश्न सुटतील, अशी आशा धरून बसणाऱ्या प्रत्येकाने हा हिशेब तपासून पाहावा. कोणत्या राजवटीने काय दिले, कोणत्या राजवटीने काय काढून घेतले आणि जे टिकले ते कशामुळे टिकले?

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक, ग्वादलूप आणि सेंट डोमिंग (आजचे हायती), दक्षिण अमेरिकेतील गयाना आणि हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच वसाहतींत साखरेचे आणि कॉफीचे मळे होते. त्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. १६८५ साली चौदाव्या लुईच्या दरबारातून निघालेल्या काळ्या संहितेने गुलामाला जंगम मालमत्ता ठरवले होते. म्हणजे टेबल, खुर्ची, बैल आणि माणूस हे सगळे एकाच सदरात. हे अज्ञानातून घडले नव्हते. शिकलेल्या लोकांनी, कलमे पाडून, विचारपूर्वक केलेला तो कायदा होता. अन्याय नेहमी बेकायदा असतो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१७८९ साली पॅरिसमध्ये माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असल्याचे जाहीर झाले, पण हा जाहीरनामा समुद्र ओलांडून मळ्यांपर्यंत पोहोचला नाही. तो गुलामांनी स्वतः ओढून नेला. ऑगस्ट १७९१ मध्ये सेंट डोमिंगच्या गुलामांनी उठाव केला. मळे पेटले, मालक पळाले, आणि अखेर ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसच्या क्रांतिकारी सभेने सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. मार्टिनिक इंग्रजांच्या हाती गेल्याने आणि रियुनियनच्या मळेवाल्यांनी हा निर्णय धुडकावल्याने तिथल्या गुलामांना तेव्हा मुक्ती मिळालीच नाही. जिथे ती मिळाली, तिथेही ती आठच वर्षे टिकली. २० मे १८०२ च्या कायद्याने नेपोलियन बोनापार्टने गुलामगिरीला पुन्हा मान्यता दिली. ग्वादलूपमध्ये लुई देल्ग्रेस या काळ्या वंशाच्या सेनाधिकाऱ्याने शरण जाण्याऐवजी २८ मे १८०२ रोजी मातूबा येथे आपल्या शेकडो साथीदारांसह स्वतःला सुरुंगाने उडवून घेतले. सेंट डोमिंगचा नेता टूसाँ लूव्हेर्तुर पकडला गेला आणि एप्रिल १८०३ मध्ये फ्रान्समधील एका थंडगार डोंगरी किल्ल्यात कैदी म्हणून मेला. पण त्याच्या लोकांनी फ्रेंच फौजेचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हायती स्वतंत्र झाला. बाकीच्या वसाहतींत मात्र कालचा नागरिक पुन्हा गुलाम झाला.

त्याच १८०४ च्या जुलै महिन्यात पॅरिसमध्ये व्हिक्टर शेल्शेरचा जन्म झाला. त्याचे वडील मार्क शेल्शेर मूळचे आल्सास प्रांतातले. चिनी मातीच्या भांड्यांचा त्यांचा कारखाना होता. घर सुखवस्तू होते. मुलाला शाळेपेक्षा धंद्यात घालणे वडिलांनी पसंत केले. दहाव्या वर्षी त्याने सम्राट जाताना आणि राजा येताना पाहिला, पुढच्याच वर्षी राजा पळताना, सम्राट शंभर दिवसांसाठी परतताना आणि पुन्हा राजा येताना पाहिला. झेंडे बदलत राहिले. वसाहतींतील गुलामाच्या पाठीवरचा चाबूक मात्र एकाही झेंड्याने थांबवला नाही.

१८२९-३० च्या सुमारास वडिलांनी त्याला धंद्याच्या कामासाठी मेक्सिको, क्युबा आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत पाठवले. तिथे त्याने गुलामगिरी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. भांड्यांच्या मागण्या मिळवायला गेलेला हा तरुण परतला तो वेगळाच माणूस होऊन. परत आल्यावर त्याने काळ्या माणसांच्या स्थितीवर लेख लिहिला. १८३२ साली वडील वारल्यावर त्याने कारखाना मोडीत काढला आणि मिळालेला पैसा व उरलेले आयुष्य या एका कामाला लावले. त्याने लग्न केले नाही. देवधर्मावर त्याचा विश्वास नव्हता. माणसाचा माणसावर मालकी हक्क असू शकत नाही, हेच त्याने आयुष्याचे तत्त्व मानले.

असे असले तरी हा माणूस पहिल्या दिवसापासून क्रांतिकारक नव्हता. १८३३ साली त्याने काळ्यांच्या गुलामगिरीवर आणि वसाहतींच्या कायद्यांवर पहिले पुस्तक लिहिले, तेव्हा तोही टप्प्याटप्प्याने मुक्ती द्यावी याच मताचा होता. गुलाम अजून तयार नाहीत, त्यांना आधी शिकवले पाहिजे, हळूहळू सवय लावली पाहिजे, असे त्या काळचे सगळे भले लोक म्हणत. १८३४ साली पॅरिसमध्ये गुलामगिरी रद्द करण्यासाठी जी संस्था निघाली, तिच्या अध्यक्षपदी एक ड्यूक होते आणि तिचा सूरही सबुरीचाच होता. ही भाषा आपल्या ओळखीची आहे. हक्क मागणाऱ्याला अजून लायक नाही म्हणणारे लोक प्रत्येक देशात सापडतात, आणि लायकी ठरवण्याचा अधिकार ते नेहमी स्वतःकडेच ठेवतात.

शेल्शेरचे मत बदलले ते १८४०-४१ च्या प्रवासात. तो मार्टिनिक आणि ग्वादलूपला गेला, इंग्रजांच्या बेटांवर गेला, हायतीत गेला. इंग्लंडने १८३३ चा कायदा करून गुलामगिरी रद्द केली होती, पण मुक्त झालेल्यांना काही वर्षे जुन्याच मालकाकडे उमेदवारी करायला लावली होती. हा प्रयोग इतका फसला की १८३८ साली तो मुदतीआधीच गुंडाळावा लागला. मळ्यावरच्या एकाही मालकाला गुलाम शिकावा असे वाटत नव्हते, हे शेल्शेरने पाहिले. शिकवून मग मुक्त करू म्हणणे म्हणजे कधीच मुक्त न करणे. १८४२ साली त्याने फ्रेंच वसाहतींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच्या नावातच तत्काळ मुक्तीची मागणी घातली. टप्पे नाहीत आणि उमेदवारीही नाही.

इथे आणखी एका माणसाचा उल्लेख केला नाही तर इतिहासावर अन्याय होईल. सिरिल बिसेत हा मार्टिनिकचा मिश्रवर्णी माणूस. १८२० च्या दशकात गोऱ्यांच्या वर्णभेदाविरुद्धची एक पुस्तिका बाळगल्याबद्दल आणि वाटल्याबद्दल तिथल्या न्यायालयाने त्याला डाग देऊन जन्मठेपेची शिक्षा दिली होती. पॅरिसमध्ये आल्यावर त्याने १८३४ पासून स्वतःचे नियतकालिक चालवले आणि तत्काळ मुक्तीची मागणी शेल्शेरच्या आधी लावून धरली. पुढे दोघांचे हाडवैर झाले. पण इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात एकच नाव मोठ्या अक्षरात आले, ते गोऱ्या माणसाचे.

न्यायालयातही लढा चालूच होता. ग्वादलूपच्या व्हर्जिनी नावाच्या बाईला मालकाच्या मृत्युपत्राने मुक्त केले, पण तिची मुले गुलामच ठेवली. लहान मुलांना आईपासून तोडून विकता येणार नाही, असे काळ्या संहितेच्याच एका कलमात होते. त्या कलमाच्या आधारे तिने मुलांसाठी दावा लावला. पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयात तिची बाजू आदोल्फ गातीन या वकिलाने मांडली. १८४१ मध्ये आणि पुन्हा १८४४ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, कारण मधल्या काळात वरच्या न्यायालयाचा निकाल मानायला खालचे न्यायालय तयार नव्हते. आम्ही वकील मंडळी हा अनुभव रोज घेतो. अशिलाच्या हातात आदेश असतो, पण जमिनीचा ताबा वर्षानुवर्षे मिळत नाही. गुलाम करण्यासाठी लिहिलेल्या कायद्यातूनच मुक्तीची वाट काढणारी व्हर्जिनी आणि तिचा वकील या दोघांना म्हणूनच आपण सलाम केला पाहिजे.

फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली. २४ फेब्रुवारीला लुई फिलिप गादी सोडून पळाला आणि दुसरे प्रजासत्ताक आले. शेल्शेर त्या वेळी सेनेगलच्या प्रवासावरून परतत होता. मार्चच्या पहिल्या दिवसांत तो पॅरिसला पोहोचला. आरमार आणि वसाहती हे खाते फ्रान्स्वा अरागो या नामवंत शास्त्रज्ञाकडे होते. माणूस चांगला, पण त्याने वसाहतींना कळवले होते की थोडे थांबा, निवडून आलेली राष्ट्रीय सभा काय ते ठरवील. शेल्शेरने त्याला गाठले आणि पटवून दिले की थांबलात तर बेटांवर रक्त सांडेल. त्याला दुसरी भीतीही होती. निवडणुका होतील, सभा बसेल, मळेवाल्यांचे पैसे आणि बंदरांतील व्यापाऱ्यांचे वजन कामाला लागेल, आणि मुक्तीचा प्रश्न समितीकडून समितीकडे फिरत राहील.

४ मार्चला हुकूम निघाला. फ्रेंच भूमीवर यापुढे गुलाम असू शकत नाही हे तत्त्व मान्य झाले, आणि तपशील ठरवण्यासाठी शेल्शेरच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. तो स्वतः खात्याचा उपसचिव झाला. या आयोगात कोण होते पाहा. मेस्त्रो हा वसाहत खात्याचा अधिकारी. पेरिनाँ हा मार्टिनिकचा मिश्रवर्णी सेनाधिकारी. व्हर्जिनीचा वकील गातीन. आणि गोमाँ नावाचा घड्याळे बनवणारा कामगार. ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्या गुलामांपैकी मात्र एकही नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

आयोगाने झपाट्याने काम केले आणि २७ एप्रिल १८४८ रोजी हुकूम निघाला. राष्ट्रीय सभेच्या निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या आणि ४ मे रोजी सभा बसायची होती. मध्ये फक्त एक आठवडा होता. एका सरकारची मुदत संपता संपता आणि दुसरे सुरू होण्याआधी मिळालेल्या एवढ्याशा फटीतून अडीच लाख माणसांची मुक्ती बाहेर काढली गेली. कायद्याच्या दृष्टीने हा हुकूम वाचण्यासारखा आहे. प्रत्येक वसाहतीत तो जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांत गुलामगिरी संपेल. तोपर्यंत मारहाण आणि विक्री पूर्ण बंद. फ्रान्सच्या भूमीला पाय लागला की गुलाम मुक्त होतो, हे जुने तत्त्व सर्व वसाहतींना लागू. परदेशात राहणाऱ्या फ्रेंच माणसानेही गुलाम बाळगला, विकत घेतला किंवा विकला, तर त्याचे नागरिकत्व जाईल. आणि मुक्त झालेल्या वसाहतींबरोबर भारतातील फ्रेंच प्रदेशांनाही राष्ट्रीय सभेत प्रतिनिधित्व मिळेल. पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम आणि चंदरनगर यांचा संबंध असा थेट या हुकुमाशी येतो.

पण पॅरिसचा हुकूम जहाजातून निघाला होता आणि वाऱ्यावर अवलंबून होता. मार्टिनिकच्या गुलामांना क्रांतीची बातमी आधीच लागली होती. २० मे रोजी रोमँ नावाच्या गुलामाला ढोल वाजवल्याबद्दल पकडले. बंदी मोडून ढोल वाजवला, एवढाच गुन्हा. गुलाम गोळा झाले आणि २२ मेला सेंट पियरमध्ये उठाव पेटला. माणसे मेली. दुसऱ्या दिवशी, २३ मे रोजी, गव्हर्नरने हुकुमाची वाट न पाहता गुलामगिरी संपल्याचे जाहीर केले. ग्वादलूपच्या गव्हर्नरने २७ मेला तेच केले. हुकूम घेऊन येणारे जहाज मार्टिनिकला पोहोचले ते जूनमध्ये. दोन महिन्यांची मुदत गुलामांनी स्वतःच रद्द केली होती.

मग बेड्या कोणी तोडल्या, शेल्शेरने की रोमँच्या लोकांनी? माझ्या मते हा प्रश्न एकाच्या बाजूने सोडवण्याची घाई करू नये. गव्हर्नर घाबरला तो उठावाला, हे खरे. पण पॅरिसहून फौज आली असती तर तो दुसऱ्या महिन्यात माघार घेऊ शकला असता, जशी १८०२ मध्ये घेतली गेली. फौज येणार नव्हती, कारण हुकूम आधीच निघाला होता. आणि हुकूम निघाला तोही पॅरिसच्या पुढाऱ्यांना बेटांवरच्या उठावाची धास्ती होती म्हणून. रस्त्यावरची चळवळ आणि कागदावरचा कायदा एकमेकांना असा आधार देतात. दोघांपैकी एक काढून घेतला की दुसरा उघडा पडतो.

या मुक्तीने काय दिले? पहिली गोष्ट, नाव. गुलामाला आडनाव नव्हते. नोंदणी अधिकारी गावोगाव बसले आणि नव्या नागरिकांच्या वह्या भरल्या गेल्या. काहींना सुरेख आडनावे मिळाली, काहींना कारकुनाच्या लहरीप्रमाणे चेष्टेची. नावातून माणसाची किंमत कशी ठरवतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. दुसरी गोष्ट, मत. फ्रान्समधील पुरुषांबरोबर वसाहतींतील मुक्त पुरुषांनाही एकाच वेळी मताधिकार मिळाला. बायकांना मात्र नाही. फ्रेंच स्त्रीला मतासाठी १९४४ पर्यंत थांबावे लागले. ऑगस्ट १८४८ च्या निवडणुकीत शेल्शेर मार्टिनिक आणि ग्वादलूप या दोन्ही ठिकाणांहून निवडून आला. त्याने मार्टिनिक निवडले आणि ग्वादलूपच्या जागेवर पॅरिसच्या सभागृहात जाऊन बसला लुईझी माथ्यू. काही महिन्यांपूर्वीपर्यंत हा माणूस गुलाम होता. नोव्हेंबर १८४८ च्या राज्यघटनेत, फ्रेंच भूमीवर कुठेही गुलामगिरी असू शकत नाही, हे कलम आले. हुकुमाचे रूपांतर घटनेत झाले.

काय दिले नाही, तेही पाहिले पाहिजे. ३० एप्रिल १८४९ च्या कायद्याने नुकसानभरपाई मंजूर झाली. सुमारे १२ कोटी ६० लाख फ्रँक. मिळाले कोणाला? मालकांना. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबवून घेतले, त्यांचे नुकसान झाले म्हणून. त्यातलाच काही भाग कापून वसाहतींत बँका काढल्या गेल्या आणि त्या बँकांचे कर्ज पुन्हा मळेवाल्यांच्याच कामी आले. गुलामाला एक फ्रँक मिळाला नाही आणि एक हात जमीनही मिळाली नाही. मालकांना पैसे देण्याची व्यवहार्य गरज शेल्शेरने मान्य केली होती, आणि हा त्याच्या कामातला मोठा उणेपणा आहे. जमीन जुन्या मालकाकडे, साखरेचा कारखाना जुन्या मालकाकडे, बँक जुन्या मालकाकडे आणि मुक्त माणसाकडे फक्त मत. हे मत तो किती दिवस सांभाळणार होता?

याचे उत्तर तीन वर्षांत मिळाले. २ डिसेंबर १८५१ रोजी प्रजासत्ताकाचा निवडून आलेला अध्यक्ष लुई नेपोलियन याने फौजेच्या बळावर सभागृह बरखास्त केले. लोकांनी निवडलेल्या माणसानेच लोकशाही मोडली. दुसऱ्या दिवशी पॅरिसच्या कामगार वस्तीत काही आमदारांनी मोर्चेबंदी केली. त्यांत शेल्शेर होता. नि:शस्त्र होऊन, अंगावर आमदारकीचा पट्टा लावून तो सैनिकांपुढे गेला आणि घटना पाळण्याचे आवाहन त्याने केले. त्याचा सहकारी बोदँ तिथेच गोळी लागून पडला. शेल्शेर वाचला, पण त्याला देशाबाहेर काढण्यात आले. पुढली जवळजवळ १९ वर्षे तो लंडनमध्ये राहिला. तिथे त्याने लुई नेपोलियनच्या गुन्ह्यांची जंत्री लिहिली आणि संगीताचा नाद असल्याने हँडेल या संगीतकाराचे चरित्रही लिहिले. १८५९ मध्ये सम्राटाने सर्वांना माफी जाहीर केली, तेव्हा त्याने ती नाकारली. गुन्हा ज्याने केला, त्याची माफी घेण्याचे कारण काय?

आता वसाहतींकडे पाहू. दुसऱ्या साम्राज्याने वसाहतींचे संसदेतील प्रतिनिधित्व काढून घेतले, मताधिकार काढून घेतला. कामाची वही आणि भटक्यांविरुद्धचे नियम लावून मुक्त मजुराला पुन्हा मळ्याकडे हाकलले. मजूर महाग पडू लागले तेव्हा मालकांनी नवे मजूर आणले, आणि तेही भारतातून. १८५३ पासून पाँडिचेरी, कारैकल आणि पुढे कलकत्त्याहूनही करारबद्ध मजुरांची जहाजे निघाली. पुढच्या तीन दशकांत सुमारे २५ हजार माणसे मार्टिनिकला आणि सुमारे ४२ हजार ग्वादलूपला गेली. साम्राज्य गेल्यावर म्हातारपणीही शेल्शेर या करारबद्ध मजुरीविरुद्ध लिहीत राहिला, कारण ते नवे नाव घेतलेले जुनेच दास्य आहे असे त्याचे मत होते.

पण या साम्राज्याला एक गोष्ट करता आली नाही. पहिल्या नेपोलियनने आठ वर्षांत गुलामगिरी परत आणली, त्याच्या पुतण्याला ते जमले नाही. उलट ३ मे १८५४ च्या त्याच्याच घटनात्मक कायद्यात, गुलामगिरी पुन्हा कधीही आणता येणार नाही, असे लिहावे लागले. ज्या कायद्याने वसाहतींतील लोकांचा आवाज दाबला, त्याच कायद्याचे पहिले कलम हे होते. असे का झाले? १८०२ मध्ये मुक्ती काही बेटांपुरती होती आणि १८४८ मध्ये सर्वत्र. मालकांनी भरपाईचे पैसे खिशात घातले होते. घटनेत कलम आले होते. आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे हायतीत काय झाले आणि सेंट पियरमध्ये काय झाले, हे सर्वांना पक्के ठाऊक होते. अडीच लाख माणसांच्या दाराशी जाऊन त्यांना पुन्हा बेड्या घालायच्या कोणी?

प्रशियाशी झालेल्या युद्धात साम्राज्य कोसळले आणि ४ सप्टेंबर १८७० रोजी तिसरे प्रजासत्ताक आले. सहासष्ट वर्षांचा शेल्शेर ऑगस्टमध्येच पॅरिसला परतला होता. वेढ्यात अडकलेल्या शहराच्या नागरी सेनेत त्याने तोफखाना सांभाळला. १८७१ मध्ये पॅरिस कम्यून आणि व्हर्सायचे सरकार यांच्यात समेट घडवण्याचा प्रयत्न करताना कम्यूनने त्याला अटकही केली होती. मार्टिनिकने त्याला पुन्हा निवडून दिले. डिसेंबर १८७५ मध्ये तो आजीव सिनेटर झाला. वसाहतींचे प्रतिनिधित्व परत आले.

इतर कोणी असता तर इथे थांबला असता. आपलीच माणसे सत्तेत आहेत, आता बोलायचे कशाला? शेल्शेर थांबला नाही. १ मार्च १८८० रोजी, पंच्याहत्तरीत, त्याने सिनेटमध्ये आपल्याच प्रजासत्ताकाच्या आरमार मंत्र्याला सेनेगलमधील गुलामगिरीबद्दल जाब विचारला. नव्याने ताब्यात आलेल्या मुलखातील लोकांना नागरिक न म्हणता प्रजा म्हणायचे, आणि १८४८ चा हुकूम त्यांना लागू नाही असे सांगायचे, ही पळवाट अधिकाऱ्यांनी काढली होती. कायदा रद्द न करता निकामी कसा करतात, याचा हा नमुना आहे. व्याख्या बदलली की काम झाले.

याच प्रजासत्ताकाने फ्रेंच भारतासाठी २१ सप्टेंबर १८८१ चा हुकूम काढला. जो आपला जातिधर्माचा वैयक्तिक कायदा सोडून देईल, तो फ्रेंच नागरी संहितेखाली येईल आणि नवे आडनाव घेईल, असा तो हुकूम होता. तथाकथित खालच्या जातींतील आणि ख्रिस्ती झालेल्या अनेकांनी ही वाट धरली. कायद्याच्या कागदावर सही करून जात टाकून देण्याची सोय भारताच्या किनाऱ्यावर तेव्हा उपलब्ध झाली होती, हे आपल्या अभ्यासकांनी अधिक तपासण्यासारखे आहे.

शेल्शेर डिसेंबर १८९३ मध्ये वारला. त्याच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. वसाहतींतील माणूस फ्रेंच नागरिक व्हावा, एवढीच त्याची दृष्टी होती. वसाहतींनी फ्रान्सपासून मोकळे व्हावे, हा विचार त्याने केला नाही. २० मे १९४९ रोजी त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये समारंभाने नेण्यात आले. ते घडवून आणण्यात पुढाकार होता गास्ताँ मॉनेरव्हिल यांचा. गुलामांचा हा वंशज त्या वेळी फ्रेंच संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचा अध्यक्ष होता. त्याच दिवशी फेलिक्स एबुए या गयानात जन्मलेल्या कृष्णवर्णी गव्हर्नरलाही तिथे जागा मिळाली. मे १९८१ मध्ये अध्यक्षपद स्वीकारताना मित्तराँ यांनी शेल्शेरच्या समाधीवर गुलाब वाहिला. मे २००१ मध्ये गयानाच्या ख्रिस्तियान तोबिरा यांच्या पुढाकाराने फ्रान्सने गुलामगिरीला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवणारा कायदा केला.

आणि २२ मे २०२० रोजी, उठावाच्या वर्धापनदिनी, मार्टिनिकमधील तरुणांनी शेल्शेरचे दोन पुतळे पाडले. मुक्ती आमच्या पूर्वजांनी मिळवली, ती एका गोऱ्या उद्धारकाने दिली असे आम्हाला शिकवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याने गुलामगिरी परत आणली त्या नेपोलियनला पॅरिसमध्ये भव्य समाधी आहे, आणि ज्याने ती संपवली त्याचा पुतळा मार्टिनिकमध्ये पडला. अनेकांना हे खटकले. पण पुतळा पाडणाऱ्यांचा रोख मेलेल्या शेल्शेरपेक्षा त्याच्या नावाआड लपणाऱ्या व्यवस्थेवर होता. जमिनीचा मोठा भाग आणि व्यापार जुन्या मळेवाल्यांच्या वंशजांकडेच राहिला आहे, हे तिथल्या लोकांचे आजही दुखणे आहे. १८४९ साली जो हिशेब चुकवला गेला, तो पावणेदोनशे वर्षांनी रस्त्यावर आला.

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी बाबासाहेबांनी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाच्या धम्मातून घेतल्याचे १९५४ साली आकाशवाणीवरून सांगितले होते. ती त्रयी घोषवाक्य म्हणून मिरवणाऱ्या देशात सत्तर वर्षे तिचे काय झाले, ते वर पाहिले. राजवट प्रजासत्ताक आहे की साम्राज्य, एवढ्यावर दुबळ्याचे भवितव्य ठरत नाही. प्रजासत्ताकानेही मालकांना पैसे दिले आणि साम्राज्यालाही मुक्ती मोडता आली नाही. टिकले ते तेवढेच, जे एकाच वेळी सर्वांसाठी मिळाले, मुदत न घालता मिळाले, घटनेत लिहिले गेले आणि ज्याच्या राखणीला माणसे उभी राहिली. जे राहून गेले, ते म्हणजे जमीन आणि भांडवल, ते कोणत्याही पुढच्या सरकारने आपणहून आणून दिले नाही.

फ्रान्सच्या या जुन्या वसाहतींत गुलामगिरी संपल्याचा दिवस सार्वजनिक सुट्टी म्हणून पाळला जातो. प्रत्येक ठिकाणी तारीख वेगळी आहे. मार्टिनिकने त्यासाठी पॅरिसच्या हुकुमाची २७ एप्रिल ही तारीख निवडली नाही. तिथे सुट्टी असते २२ मेला, ढोल वाजवणाऱ्या रोमँसाठी लोक रस्त्यावर उतरले त्या दिवशी. चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी या दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात.